डावीकडची म्हातारी

मंगळवारी सकाळी फुकादाचा फोन आला. गुरुवारी रद्दीची गाडी येतेय, ज्याला आपलं काही ठेवून घ्यायचं असेल त्याने बुधवारी येऊन काढून घ्यावं, नंतर माझ्या नावाने रडू नये, असं तिने एका दमात सांगून टाकलं. फुकादा म्हणजे आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत चित्रांची ने-आण बघणारी बाई. कुठलं पाकीट कुणाकडे अडकलंय, कोण मुद्दाम फोन उचलत नाही, कुणाचा ताप खरा आणि कुणाचा खोटा, हे सगळं तिला पाठ. पहिल्या भागापासून नवव्या भागापर्यंतचे कागद जाणार, असं ती म्हणाली. तिथेच चित्रं काढणाऱ्या मोतेगीने बरं म्हणून फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. चहा करायला उठली होती, तेही विसरली.

मालिका टीव्हीवर दाखवून झाली की चित्रांचं काय होतं, असं लोक मला हौसेने विचारतात. त्यांना वाटतं, काचेच्या कपाटात जपून ठेवत असतील. कसलं कपाट घेऊन बसलात! एका भागाला तीन-चार हजार कागद लागतात, आणि आमचा स्टुडिओ म्हणजे कामी-इगुसा स्टेशनामागे गाद्यांच्या दुकानावरचा एक मजला. जिन्यावर खोकी, संडासाच्या दारात खोकी. म्हणून दोन-तीन महिन्यांनी गाडी येते आणि सगळं लगद्याला जातं. ज्या कागदावर माणूस तीन दिवस मान मोडून बसला, त्याचा पुढे कुठेतरी पुठ्ठा होतो. कुणी हळहळत नाही. हळहळत बसलं तर पुढचा भाग कोण काढणार?

पण या खेपेच्या कागदांत आमचा जुना चित्रकार कुरामोची याचे कागद होते. ते एकदा लगद्याला गेले, की मोतेगीने काय केलं ते जगात कुणालाही कळणार नव्हतं. आणि कळावं अशी वाट बघत एक बाई इस्पितळात बसली होती.

ती बाई म्हणजे कुरामोचीची बायको, कुनिए. कुरामोची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेशनच्या जिन्यावर झटका येऊन पडला. डोक्यात उजव्या बाजूला, मागच्या अंगाला गाठ निघाली. जेवढी निघाली तेवढी काढली, बाकीची तशीच ठेवून डोकं शिवलं. वसंतापर्यंत काढतील, एवढंच डॉक्टर म्हणाले. मोतेगी पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा कुनिएने तिला बाहेरच्या बाकावर बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कधी सुरू झालं? तिला सांगता आलं नाही. उन्हाळ्यात आणलं असतं तर काही झालं असतं का, असं तिने उलट विचारलं, तर डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, तेव्हा गाठ लहान असणार, पण आता त्याचा विचार करू नका.

"विचार करू नका म्हणे," कुनिए म्हणाली. "एका घरात राहते मी. एकतीस वर्षं. सप्टेंबरात हे ताटातला अर्धा भात टाकून उठायला लागले, तर मी त्यांना नखरे करता म्हणून रागावले. मला दिसायला नको होतं का? तुम्हीच सांगा, मोतेगीसान. स्टुडिओत कुणाला काही दिसलं होतं?"

मोतेगीने नाही म्हणून मान हलवली.

आता तिला काय दिसलं होतं ते सांगायचं तर आमच्या कामाची रीत थोडी सांगावी लागेल. पडद्यावर बाई नुसती खिडकीशी वळली तरी ती दोघांच्या हातून जाते. पहिला हात कच्ची चित्रं काढतो: बाई कुठे उभी, मान कधी फिरली, पदर कुठे उडाला म्हणा किंवा बाही म्हणा. दहा रेघा एकावर एक, त्यातली कुठली खरी ते देव जाणे. दुसरा हात त्या गुंत्यातून एकच रेघ निवडतो आणि पक्कं चित्र करतो. मधल्या हालचालीची चित्रं भरणारे त्यानंतर. कुरामोची पहिला हात होता, अठ्ठावन्न वर्षांचा, या धंद्यात नावाजलेला. मोतेगी त्याचा दुसरा हात, अकरा वर्षं. त्याच्या रेघा इतर कुणाला वाचताच येत नसत. नवीन पोरं ते कागद हातात घेऊन रडकुंडीला यायची, आणि मोतेगी दिव्याच्या काचेवर कोरा कागद ठेवून शांतपणे खरी रेघ उचलायची.

एरवी कच्ची चित्रं आधी दिग्दर्शकाकडे जातात, तो त्यावर लाल-निळ्या खुणा करतो, मग ती खाली येतात. कुरामोचीची जात नसत. त्याचं कच्चं काम तपासणं म्हणजे त्याचा अपमान, असं कधीतरी कुणीतरी ठरवलं होतं आणि ती रीत पडून गेली होती. त्याचं पाकीट सरळ मोतेगीच्या टेबलावर यायचं. पाकिटावर तारखेचा शिक्का, आणि पेन्सिलीने लिहिलेलं: बाकीचं बघा. हे आमच्याकडे सगळेच लिहितात, पत्राखाली लोक 'कळावे' लिहितात तसं. त्याला कुणी अर्थ लावत नाही. मोतेगीने लावला.

जूनमध्ये पहिल्यांदा. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालते असा शॉट होता. उजवा हात, चिमटा, वाऱ्याने हललेले केस, सगळं कुरामोचीच्या थाटाचं. आणि डावीकडची बाही काढलेलीच नव्हती. खांदा होता आणि त्यापुढे पांढरा कागद. मोतेगीने पाकीट उलटंपालटं करून बघितलं, एखादा कागद राहिलाय की काय. मग हसली आणि बाही काढली. घाई असेल म्हणाली. पुढच्या आठवड्यात खोलीतलं अर्धं टेबल नव्हतं. मग एका म्हाताऱ्याचा एक गुडघा नव्हता. दर वेळी डावीकडचंच. आणि खाली तेच: बाकीचं बघा.

आता तुम्हाला वाटेल, बाई ठार आंधळी होती काय? आंधळी नव्हती, सुखात होती. एक्केचाळीस वर्षांची, अकरा वर्षं दुसऱ्याची रेघ उचलून जगलेली. चेहरा तिने केला तरी चेहरा कुरामोचीचा, चाल तिने सावरली तरी चाल कुरामोचीची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, पण माणसाला आत कुठेतरी वाटतंच. आणि आता हा माणूस, जो कुणाला कधी चांगलं म्हणाला नाही, तो तिला न बोलता कागदाचा एक तुकडा देत होता. आधी बाही, मग टेबल, मग गुडघा. हळूहळू वाढवत चाललाय, शिकवतोय मला, असं ती धरून चालली. घरी जाताना रेल्वे फाटकाशी उभी राहून ती एकटीच हसायची. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर जाईल अशी भीती. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय अशी चूक कोण करणार? दुसरीकडे अर्धवट काम आलं तर माणूस विचारतो, बाबा, बरा आहेस ना? आमच्याकडे अर्धवट कागद आला की आम्ही पेन्सिलीला टोक करतो.

ऑगस्टमध्ये नावेचा शॉट आला. धक्क्यावर नाव सुटतेय आणि माणसं निरोप द्यायला उभी आहेत. उजवीकडे कुरामोचीने नऊ माणसं काढली होती, एकेक असा की त्याचं घरदार कळावं. डावीकडे काहीच नाही. काही म्हणजे काहीच नाही, धक्क्याची कडसुद्धा नाही. अर्धा कागद कोरा. मोतेगी तो कागद घेऊन बराच वेळ बसली. मग तिने तिच्या मनाची माणसं काढली: पोर कडेवर घेतलेली बाई, टोपी काढून धरलेला मास्तर, आणि अगदी कडेला एक म्हातारी, जी नावेकडे बघतच नाही, बंद छत्रीच्या टोकाने धक्क्याची फळी टोकरत बसते. ती म्हातारी मोतेगीच्या आजोळच्या शेजारणीवरून घेतलेली होती. चार दिवस लागले. असं काम आपण जन्मात केलं नाही, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो भाग आम्ही सगळ्यांनी एकत्र बघितला. दिवे लागल्यावर दिग्दर्शक खुर्चीवरून वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, कुरामोचीसान, ती डावीकडची छत्रीवाली म्हातारी, तिच्यावर मी आणखी एक भाग काढू शकेन. कुरामोची बार्लीचा गार चहा पीत होता. त्याने भुवया वर केल्या.

"म्हातारी?" तो म्हणाला. "कुठली म्हातारी?"

सगळे हसले. म्हातारा किती साधेपणाचा आव आणतो, असं म्हणून हसले. मीही हसलो असेन. मोतेगी हसली नाही, तिचे कान लाल झाले. तिला वाटलं, हा आपल्याला मान देतोय. ते चित्र माझं नाही, असं भर सभेत सांगतोय, फक्त नाव न घेता. त्या दिवशी तिने स्टेशनाजवळच्या दुकानातून स्वतःसाठी बटाट्याची कटलेटसारखी गरम क्रोकेट घेतली आणि चालता चालता खाल्ली.

इथपर्यंत तिला माफ करता येतं. मी तरी करतो. पुढचं कठीण आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी. फुकादाने सगळ्यांना जेवणाचे डबे आणले होते, भात, मासा, क्रोकेट, लोणचं, ठरलेलं. मोतेगी कुरामोचीसमोर बसून जेवत होती. त्याने डबा संपवला, जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, हल्ली हे लोक फार कमी देतात. मोतेगीने डब्यात बघितलं. डबा बरोबर अर्धा संपला होता. उजवीकडे एक दाणा नाही, डावीकडे सगळं जसंच्या तसं, आणि मधली क्रोकेट सुरीने कापावी तशी सरळ अर्धी. तिने हळूच डबा फिरवला, डावी बाजू उजवीकडे आणली.

"अरे," कुरामोची खूश होऊन म्हणाला, "हे कुठून आलं?" आणि काड्या उचलून जेवायला लागला.

त्या क्षणी तिला कळलं. मला नंतर तिने स्वतः सांगितलं, म्हणून मी सांगतो. बाही, टेबल, गुडघा, धक्का, म्हातारी, सगळं एका झपाट्यात तिच्या डोळ्यांपुढून गेलं, सर्रकन पानं उलटावीत तसं. हा माणूस मला काही देत नव्हता. याला दिसत नव्हतं. तिच्या तोंडातला घास तोंडात राहिला. दारातून आत येताना त्याचा डावा खांदा रोज चौकटीवर आपटायचा, तेही तिला तेव्हाच आठवलं.

आणि तरी ती बोलली नाही. शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. त्याचे कच्चे कागद अर्धेच भरून येऊ लागले होते आणि प्रत्येकाचा कोरा अर्धा तिचा होता. आता सांगितलं तर त्याला लगेच घरी पाठवतील, प्रसंग दुसऱ्या कुणाला देतील आणि दुसऱ्याचा दुसरा हात दुसराच असतो. वीस दिवस, ती स्वतःशी म्हणाली. वीस दिवसांनी आपण त्याला बाजूला घेऊन सांगू, डोळे तपासून घ्या म्हणून. डोळेच असतील. त्या वीस दिवसांत तिने इतकं सुंदर काम केलं की आजही ते बघताना मला तिचा राग येतो. बाविसाव्या दिवशी तो जिन्यावर पडला.

बुधवारी दुपारी ती स्टुडिओत गेली. फुकादाने खोकी वर जिन्याच्या तोंडाशी रचून ठेवली होती आणि वर पुठ्ठ्यावर भाग लिहिले होते. मोतेगीने पहिल्या भागाचं खोकं उघडलं, कपड्यांच्या दोरीचं पाकीट काढलं. मग तिसऱ्याचं, नावेचं पाकीट. दोन्हींवर शिक्का होता, जून आणि ऑगस्ट. फुकादा येऊन उभी राहिली आणि म्हणाली, त्याचं एवढंच नेतेस? बाकीची साठ-सत्तर आहेत, आठवण म्हणून ने की. मोतेगी म्हणाली, आठवण नकोय मला. फुकादाने तिच्याकडे जरा विचित्र बघितलं आणि दुसरा फोन घ्यायला गेली. पाकिटं पिशवीत घालून मोतेगी जिन्यावर दोन मिनिटं उभी राहिली. परत ठेवता आली असती. उद्या सकाळी दहा वाजता गाडी, साडेदहाला सगळं संपलेलं. कुनिएला ती नाही म्हणालीच होती, आणि नाही हे उत्तर तिथेच कायमचं पक्कं झालं असतं. पण कुनिए रोज त्या बाकावर बसून भात मोजत होती, सप्टेंबरातला अर्धा भात. तिच्या आधी तीन महिने जिला दिसलं होतं ती बाई इथे जिन्यावर उभी होती. मोतेगी खाली उतरली आणि इस्पितळाकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसली.

इस्पितळात भेटायची वेळ दोनपासून. कुरामोची खाटेवर टेकून बसला होता, डोक्यावर विणलेली निळी टोपी. कुनिए त्याच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून संत्री सोलत होती. पहिले दोन दिवस ती डावीकडे बसायची, तेव्हा तो परिचारिकेला सारखा विचारायचा, माझी बायको अजून आली नाही का? मग परिचारिकेनेच तिची खुर्ची उचलून इकडे आणली. हे कुनिएनेच पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि सांगताना हसायचा प्रयत्न केला होता.

मोतेगीही उजवीकडेच उभी राहिली. तो तिला बघून आनंदला. शेवटच्या भागाचं काय झालं, दाखवला का, दिग्दर्शक काय म्हणाला, असं विचारलं. अजून दोन आठवडे आहेत, ती म्हणाली. मग ती म्हणाली, जुनं काम आणलंय, बघता का? आणि पाकिटातून नावेचा कच्चा कागद काढून तिने त्याच्या मांडीवरच्या फळीवर ठेवला. तिला वाटत होतं, आधी त्याला सांगावं. ज्याचं नुकसान केलं त्याला आधी सांगावं, मग बायकोला. निदान तेवढी तरी रीत पाळावी.

कुरामोचीने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, कामाच्या वेळचा आंबटपणा आला.

"यात काही राहिलंय का, कुरामोचीसान?" मोतेगीने विचारलं.

"काय राहणार?" तो म्हणाला. "या माणसाची टाच जरा जड झालीय. बाकी भरलंय सगळं. गर्दी चांगली जमलीय."

त्याच्या हातातला कागद कुनिएला दिसत होता. संत्र्याची फोड तिच्या बोटांत तशीच राहिली. तिने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

मोतेगीने तो कागद हळूच त्याच्या हातातून घेतला आणि उलटा फिरवून परत दिला, डबा फिरवला होता तसा. आता नऊ माणसं डावीकडे गेली होती, डोकी खाली पाय वर. उजवीकडे पांढरं. कुरामोचीने बघितलं, बाजूला ठेवला आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, "हा कोरा आहे, मोतेगी. चुकून आला वाटतं पाकिटात."

पलीकडच्या पडद्याआड कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मोतेगीने पक्का कागद काढला, तिचा, आणि तो कोऱ्यावर न ठेवता सरळ कुनिएच्या हातात दिला. पोर कडेवर घेतलेली बाई, मास्तर, म्हातारी. आणि दोन्ही पाकिटं, शिक्क्याची बाजू वर करून.

"जूनपासून," ती म्हणाली. "कुरामोचीसान डावीकडचं काढत नव्हते. मी भरत होते. म्हणून कुणाला दिसलं नाही."

कुनिएने शिक्के वाचले. जूनच्या शिक्क्यावरून तिने अंगठा फिरवला, जणू तो पुसला जाईल.

"तुम्हाला कळलं नाही?" तिने विचारलं. ती अजून मोतेगीला सुटायला जागा देत होती, हे मोतेगीला कळलं. हो म्हटलं असतं तर चाललं असतं.

"जूनमध्ये नाही कळलं. सप्टेंबरात कळलं. डब्यातला अर्धा भात मीही बघितला. आणि मी गप्प बसले. मला ते काम हवं होतं."

कुनिएने मान खाली घातली. तिने आरडाओरडा केला असता, तोंडावर पाकीट फेकलं असतं, तर मोतेगीला बरं वाटलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. तिने संत्र्याच्या साली एकात एक घातल्या, रुमालात बांधल्या आणि रुमाल मांडीवर ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी त्यांना नखरे करता म्हणाले होते."

कुरामोचीला यातलं काहीच कळत नव्हतं असं नाही. दोघी बायका गप्प झाल्या की काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला समजत होतं, आणि बिनसलेलं सुधारायची त्याला एकच रीत माहीत होती. त्याने हात पुढे केला. मोतेगीने आपल्या डबीतली पेन्सिल त्याला दिली आणि कोऱ्या कागदाचं पान फळीवर ठेवलं. त्याने कुनिएकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि काढायला लागला. हात तोच होता. एवढी गाठ, एवढे टाके, आणि हाताला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पाच मिनिटांत कुनिए कागदावर आली: एक डोळा, कानामागे सरकवलेले केस, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला खांदा, मांडीवर रुमालाची एक गाठ. एकतीस वर्षं जिला बघितलं तीच. नाकाच्या रेघेशी चित्र थांबलं. त्यापलीकडे कागद पांढरा होता.

कुरामोचीने समाधानाने मान हलवली. खालच्या कोपऱ्यात, उजव्या, दोन शब्द लिहिले आणि कागद मोतेगीकडे सरकवला.

"बाकीचं बघ," तो म्हणाला.

अकरा वर्षांची सवय. मोतेगीचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. तिला तो दुसरा डोळा दिसत होता, कुठून सुरू करायचा तेही दिसत होतं. कुनिए समोर बसली होती, त्या बाजूच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकायच्या आत कुनिएने आपला तळवा कागदाच्या कोऱ्या भागावर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "या वेळी नका भरू."

मोतेगीने पेन्सिल डबीत ठेवली आणि झाकण लावलं. कुरामोचीने उजवीकडच्या खिडकीबाहेर बघत विचारलं, पुढचं पाकीट कधी येणार. काम वेळेत दिलं की त्याचा आवाज असाच निवांत लागायचा.